तांब्यावरची रेघ: अब्दुर रहमान चुगताई आणि एचिंगचा हुनर

मागच्या वर्षी मी वर्गात एक जुनं पुस्तक नेलं होतं. ग़ालिबच्या कलामाची सचित्र आवृत्ती, मुरक्का-ए-चुगताई. मूळची नाही, बरीच नंतर छापलेली. पुठ्ठा सुटलेला, पानांना पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास. नानांच्या पेटीतून ते माझ्याकडे आलं. मुलांनी पानं उलटली. लांब बोटांच्या बायका, झुकलेले म्हातारे, जाळीच्या खिडक्या, दिवे. सगळे गप्प बसून बघत होते. मग मागच्या बाकावरून एक आवाज आला, "टीचर, ये तो छपेला है. इसमें उनो ने क्या किया?"

वर्ग हसला. मीही हसले, पण तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण पोराचं अर्धं बरोबर होतं. त्या पुस्तकातली चित्रं ही हाताने रंगवलेल्या चित्रांच्या छापील नकलाच आहेत. पण त्याच चित्रकाराने दुसरीही चित्रं केली, ज्यांत छापणं हीच कारागिरी होती. तिथे कागदावर उतरलेला प्रत्येक छाप अस्सल असतो, नक्कल कशाचीच नसते. हे कसं, ते समजून घ्यायला थोडं त्या माणसाकडे आणि थोडं तांब्याच्या पत्र्याकडे जावं लागेल.

लाहोरचा ड्रॉइंग मास्तर

अब्दुर रहमान चुगताई यांचा जन्म 1890 च्या दशकात लाहोरला झाला. घराणं कारागिरांचं, इमारती बांधणाऱ्या आणि सजवणाऱ्यांचं. लहानपणी काही काळ ते मोहल्ल्यातल्या मशिदीत आपले नातलग बाबा मीरान शाह नक्काश यांच्याकडे नक्काशी शिकले. पुढे रेल्वेच्या टेक्निकल शाळेत गेले आणि 1911 च्या सुमारास लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

या मेयो स्कूलचं नातं आपल्या मुंबईशी आहे. तिचे पहिले प्राचार्य जॉन लॉकवुड किपलिंग हे आधी मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत शिकवत होते. 1865 साली ते मुंबईत आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची दगडी कोरीव चित्रं त्यांचीच. 1875 मध्ये ते लाहोरला गेले. देशी कारागिराचा हात आणि शाळेतलं शिक्षण एकत्र आणायचं, हा विचार मुंबईतून लाहोरला असा पोचला. चुगताई शिकत होते तेव्हा किपलिंग कधीच निवृत्त झाले होते, पण शाळेचं वळण तेच होतं. नंतर त्या शाळेत उपप्राचार्य म्हणून आलेले समरेंद्रनाथ गुप्ता तर आपल्या अजिंठ्याला राहून गेलेले. लेडी हेरिंगहॅम यांच्यासाठी अजिंठ्याच्या भिंतीवरची चित्रं उतरवून घेणाऱ्या तरुणांत ते होते, आणि त्यांच्याबरोबर हैदराबादहून आलेले सय्यद अहमद आणि मुहम्मद फज़लुद्दीनही होते. कुठलं लाहोर, कुठलं कोलकाता, कुठलं अजिंठा! त्या काळी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून इल्म केवढा फिरत होता.

शिक्षण संपल्यावर चुगताईंनी पोटासाठी फोटोग्राफी केली आणि ड्रॉइंग मास्तर म्हणून नोकरीही केली. (हे वाचल्यापासून स्टाफरूममधल्या आमच्या चित्रकलेच्या सरांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते.) नंतर ते मेयो स्कूलमध्येच क्रोमोलिथोग्राफीचे मुख्य शिक्षक झाले. क्रोमोलिथो म्हणजे दगडावरून रंगीत छपाई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. राजा रविवर्मांच्या छापखान्यातली देवादिकांची चित्रं घरोघर पोचली ती याच तंत्राने. तो छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणजे छापील चित्राची ताकद काय असते, हे चुगताईंना नोकरीतच कळलेलं होतं.

1916 साली कोलकात्याच्या मॉडर्न रिव्ह्यू मासिकात त्यांचं चित्र छापून आलं. 1928 मध्ये मुरक्का-ए-चुगताई निघालं, त्याला प्रस्तावना खुद्द अल्लामा इक्बाल यांची. 1934 मध्ये सरकारने त्यांना खान बहादूर हा किताब दिला. नाव झालं, पैसा येऊ लागला. इथे बहुतेक माणसं थांबतात. हा माणूस चाळिशीच्या आसपास लंडनला गेला आणि विद्यार्थ्यासारखा एचिंग शिकला.

मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात आवडतो. हाताशी जलरंगाचं स्वतःचं तंत्र होतं, लोक दुरून ओळखतील अशी शैली होती. ते सोडून मेण, तेजाब आणि काळ्या शाईत हात घालायचे, तेही या वयात! पुढे त्यांनी सुमारे 300 एचिंग आणि अ‍ॅक्वाटिंट केली. जलरंगातली चित्रं जवळपास 2000. म्हणजे एचिंग हा हौसेचा खेळ नव्हता.

त्यांच्या आधीही आपल्या देशात हे काम सुरू झालं होतं. बंगालचे मुकुल डे 1916 साली रवींद्रनाथ ठाकुरांबरोबर जपान आणि अमेरिकेला गेले आणि शिकागोत एचिंग शिकून आले. नंतर तेही अजिंठ्याला येऊन राहिले. पण मुघल आणि इराणी चित्रांतली ती लांबलचक, श्वास न सोडता ओढलेली रेघ तांब्यावर आणली ती चुगताईंनी.

तेजाबाने काढलेलं चित्र

आता ते काम प्रत्यक्ष कसं चालतं ते बघू.

छपाईचे जुने प्रकार मोटामोटी तीन. रबरी शिक्क्यात उंच भागाला शाई लागते आणि तो भाग छापला जातो. लाकडी ठसा तसाच. लिथोच्या दगडात उंच-खोल काहीच नसतं. तेलकट जागी शाई धरते आणि ओल्या जागी धरत नाही, एवढाच खेळ. एचिंग या दोन्हींच्या उलट. इथे शाई खोलगट रेघेत भरतात आणि वरचा सपाट भाग पुसून साफ करतात.

तांब्याचा किंवा जस्ताचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. कडा कानशीने तिरक्या घासायच्या, नाहीतर छापताना कागद फाटतो. मग तेलाचा अंशही राहू नये म्हणून खडूच्या पुडीने पत्रा घासून धुवायचा. कल्हईवाला भांडं आधी किती घासतो ते आठवा. बोटाचा ठसा राहिला तर पुढे नेमकं तिथेच बिनसतं.

स्वच्छ पत्रा तापवून त्यावर मेण, राळ आणि डांबराच्या जातीचा एक पदार्थ यांचं पातळ अस्तर देतात. ते गार व्हायच्या आत पत्रा उलटा धरून खाली मेणबत्तीचा धूर देतात, त्याने अस्तर काळंभोर होतं. आता सुई घेऊन चित्र काढायचं. सुईने धातू कोरायचा नसतो, फक्त मेण बाजूला सारायचं असतं. सुई फिरते तिथे काळ्यातून तांबं चमकतं. इथे जोर लागत नाही, म्हणून हात कागदावर लिहिल्यासारखा मोकळा फिरतो. नक्काशाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे तंत्र का भावलं असेल, ते यावरून लक्षात येतं.

मग पत्रा तेजाबात. सोनाराकडे असतं तेच, शोऱ्याचं तेजाब, पाण्यात मिसळलेलं. (दुसरीही काही द्रावणं चालतात.) मेण असेल तिथे तेजाबाचं काही चालत नाही. तांबं उघडं पडलेलं असेल तिथे ते धातू खात जातं. रेघेवर बारीक बुडबुडे जमतात, ते पक्ष्याच्या पिसाने हळूच बाजूला करायचे, नाहीतर रेघ एकसारखी खाल्ली जात नाही.

आणि या जागी चित्रकाराची खरी परीक्षा असते. सगळ्या रेघा एकाच सुईने काढलेल्या. मग काही फिकट आणि काही गडद येतात कशा? वेळेने. पत्रा थोडी मिनिटं बुडवला, बाहेर काढला, धुतला, वाळवला. दूरचं आभाळ, ओढणीची चुणी, गालाची कड अशा ज्या रेघा नाजूक हव्यात, त्यांवर ब्रशने रोगण लावून त्या बंद केल्या. पत्रा पुन्हा तेजाबात. पुन्हा बाहेर, पुन्हा काही रेघा बंद. शेवटी उरतात त्या सगळ्यात काळ्या, सगळ्यात खोल. म्हणजे चित्रातली सावली मिनिटांनी मोजायची, आणि मोजताना कागदावर काय येणार ते दिसत नसतं. हवेचा उष्मासुद्धा हिशोबात धरावा लागतो, कारण गरम तेजाब लवकर खातं. आमच्या वऱ्हाडातल्या मे महिन्यात जे काम पाच मिनिटांत होईल, त्याला जानेवारीत जास्त वेळ द्यावा लागेल.

मेण टर्पेंटाइनने काढून टाकलं की पत्रा तयार. त्यावर घट्ट काळी शाई चोळून रेघांत भरायची, मग जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने वरचा भाग पुसायचा. किती पुसायचं, हेही चित्रकारच ठरवतो. जरा शाईचा पापुद्रा ठेवला तर संध्याकाळ, लख्ख पुसलं तर दुपार. पत्रा एकच, पण दोन छाप जुळ्या भावांसारखे. आईला फरक कळतो.

छापायचं यंत्र बघायचं असेल तर लांब जायला नको. उन्हाळ्यात स्टँडसमोर रसवंती लागते, तिचा चरक डोळ्यांपुढे आणा. दोन जाड रूळ, मधून ऊस. एचिंगच्या यंत्रात रुळांमधून लोखंडी फळी जाते. फळीवर पत्रा, पत्र्यावर ओलसर कागद, कागदावर नमद्याची जाड घडी. दाब एवढा की मऊ झालेला कागद रेघांच्या फटीत शिरतो आणि तिथली शाई उचलून आणतो. म्हणून खऱ्या एचिंगवरून बोट हलकेच फिरवलं तर रेघ कागदावर उभी राहिलेली जाणवते, आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो. मशीनवर छापलेल्या पोस्टरवर यातलं काही नसतं.

हे वाचून कुणी पोरगा घरी तेजाब आणायला निघाला तर त्याला थांबवा. त्याचा धूर छातीत जातो. हे काम उस्तादासमोर, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत करायचं. आणि नियम पक्का: तेजाब पाण्यात घालायचं, तेजाबात पाणी कधीच ओतायचं नाही.

राळेची धूळ आणि उलटं अलिफ

रेघेने रेघ येते, पण सपाट सावली कशी आणायची? त्यासाठी अ‍ॅक्वाटिंट. राळेची अगदी बारीक पूड पत्र्यावर धुळीसारखी बसू द्यायची आणि पत्रा खालून तापवायचा. कण वितळून जागीच चिकटतात. तेजाब कणांच्या मधल्या फटी खातं आणि पत्र्यावर खरखर तयार होते. ती शाई धरते, आणि छापल्यावर जलरंगाच्या हलक्या हातासारखा करडा पडदा दिसतो. चुगताई मुळात जलरंगाचे. एका रंगावर दुसरा पातळ थर चढवत जाणं ही त्यांची सवय. त्यांच्या छापील चित्रांत रेघेसोबत हा पडदाही दिसतो, तो अ‍ॅक्वाटिंटमुळे.

तिसरा प्रकार ड्रायपॉइंट. यात मेण नाही, तेजाब नाही. टोकदार सुईने थेट पत्रा ओरबाडायचा. रेघेच्या काठाला धातूचा बारीक कचरा उभा राहतो, तो शाई धरतो आणि रेघ मखमली येते. पण दाबाखाली तो कचरा लवकर बसतो, म्हणून चांगले छाप थोडेच निघतात. मुकुल डे या कामात फार तयार होते.

आणखी एक गोष्ट उर्दू वाचणाऱ्यांच्या लगेच ध्यानात येईल. पत्र्यावर काढलेलं सगळं कागदावर उलटं उतरतं. डावीकडे बघणारी बाई उजवीकडे बघते. अक्षर लिहायचं तर आरशातल्यासारखं. चित्रावर उर्दूत नाव सरळ यायला हवं असेल, तर पत्र्यावर ते डावीकडून उजवीकडे, उलट्या वळणाने कोरावं लागणार. आपल्या जुन्या लिथो छापखान्यांत हे काम करणारा एक खास कारागीर असे, त्याला संगसाज म्हणत. कातिब कागदावर सरळ लिही, ते दगडावर उलटं उतरे, आणि चुकलेलं अक्षर संगसाज दगडावर उलटंच दुरुस्त करी. कॉम्प्युटरवर नस्तालीक येईपर्यंत उर्दूची किताबत हातानेच चालायची. संगसाजांची नावं कुठे छापलेली सापडत नाहीत.

एचिंग हे युरोपचं, मग त्यात आपलं काय, असंही एकांनी मला विचारलं. सुरुवात युरोपात झाली हे खरं. जर्मनीत चिलखतं सजवणारे कारागीर लोखंडावर तेजाबाने नक्षी काढत. 1500 च्या सुमारास ऑग्सबर्गच्या डॅनियल हॉप्फर नावाच्या अशाच कारागिराने ती युक्ती कागदावरच्या छपाईला लावली. म्हणजे तिथेही मुळात लोहारकीच! आणि एचिंगचा सगळ्यात मोठा उस्ताद मानला जाणारा रेम्ब्रां याच्यासमोर मुघल चित्रं होती. हॉलंडच्या व्यापारी जहाजांतून ती तिकडे पोचली होती. 1656 ते 1661 च्या दरम्यान त्याने त्यांवरून वीसहून जास्त रेखाटनं केली. त्यातल्या एकात झाडाखाली बसलेले चार बुजुर्ग आहेत. 1656 च्या त्याच्या एका एचिंगमध्ये पाहुण्यांची बैठक तशाच धर्तीची आहे. विषय हज़रत इब्राहीम यांच्याकडे आलेल्या फरिश्त्यांचा. आपल्याकडे अंबियांची चित्रं काढत नाहीत, ते त्यांच्या परंपरेतलं. मी बोलतेय ते बसण्याच्या मांडणीबद्दल. आग्र्याकडची रेघ अ‍ॅमस्टरडॅमला गेली होती. पावणेतीनशे वर्षांनी लाहोरच्या माणसाने लंडनला जाऊन तांब्यावर मुघली रेघ ओढली, तेव्हा ती परक्या मुलखात पहिल्यांदा जात नव्हती.

चुगताई फाळणीनंतर लाहोरलाच राहिले. पाकिस्तानच्या सुरुवातीच्या टपाल तिकिटांत त्यांची नक्षी आहे. 17 जानेवारी 1975 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचे भाऊ डॉ. मुहम्मद अब्दुल्ला चुगताई हे इमारती आणि शिलालेखांचे अभ्यासक. ते 1940 च्या दशकात आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते आणि अहमदाबादच्या मशिदींवरच्या लेखांवरचं त्यांचं काम तिथूनच निघालं.

आमच्या वर्गातला पत्रा

त्या पोराला उत्तर द्यायचं राहिलं होतं. तेजाबाचा प्रश्नच नव्हता, म्हणून आम्ही ड्रायपॉइंट केलं. तांब्याऐवजी जुन्या एक्स-रेच्या फिल्म, सुईऐवजी कंपासचं टोक. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून डबीभर काळी शाई मागून आणली. कागद ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. पहिल्या दिवशी लाटण्याने दाबलं. सगळं काळं फडफडीत, एक रेघ ओळखू येईना. दुसऱ्या दिवशी नीट पुसलं आणि चमच्याच्या पाठीने जोर लावून घासलं. तेव्हा कुठे रेघा उतरल्या. मागच्या बाकावरच्या त्या साहेबांनी स्वतःचं नाव उर्दूत कोरलं होतं. ते उलटं आलं. बराच वेळ कागदाकडे बघून त्याने विचारलं, "अब ये सीधा कैसे करूँ?" मी म्हटलं, आता तू संगसाज हो.

वर्गातल्या एका मुलीने शाळेपुढचा कडुनिंब काढला होता. तिला एलिमेंटरीची परीक्षा द्यायची होती, घरी मात्र नको म्हणत होते. तिचे अब्बू मला येऊन भेटले. चांगला माणूस, आवाज चढवून बोलले नाहीत. एक, चित्रकलेने पोट भरत नाही. दोन, घरात तस्वीर नको. दुसऱ्या मुद्द्यावर मी वाद घातला नाही. जिवंत प्राण्यांची चित्रं टाळणारी घरं आपल्याकडे खूप आहेत आणि तो त्यांचा निर्णय आहे, मी काही मुफ्ती नाही. एवढंच म्हटलं की मुलीने झाड काढलंय, आणि या कामात कमान, जाळी, वेलबुट्टी, खत्ताती यांना जागा कमी नाही. पहिल्या मुद्द्यावर मात्र मी बोलले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट शासनाच्या परीक्षा आहेत, इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, पुढे नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. कापडाचं डिझाइन, पुस्तकांची सजावट, छपाई, सगळीकडे हात तयार असलेली माणसं लागतात. आणि ज्यांच्या नावाला आज एवढा मान आहे ते चुगताई शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, हेही सांगितलं. ते म्हणाले, बघतो.

फॉर्मची तारीख जवळ आली तेव्हा फॉर्म सहीसकट आला. काही बोलणं झालं नाही.

त्या मुलीने कडुनिंबाचे सहा छाप काढले. एचिंगवाले पेन्सिलीने खाली आकडा टाकतात, वरती कितवा छाप आणि खाली एकूण किती, हे मी मुलांना सांगितलं होतं. तिने पाचांवर व्यवस्थित टाकला. सहाव्यावर शाई फासली गेली होती, झाडाचा अर्धा भाग काळा. ती विचारायला आली, "मॅडम, बिघडलेला मोजायचा का?" मी म्हटलं, विकायच्या छापांत तो धरत नाहीत, पण चित्रकार बहुतेक तो स्वतःकडे ठेवतात. तिने तो वहीत घातला. पाचातला एक तिच्या अब्बूंच्या दुकानात काचेखाली ठेवलाय, हिशोबाच्या वहीशेजारी. परवा मी साखर आणायला गेले तेव्हा दिसला. आकडा 3/5.